तळ्यातल्या वेलीला घंटा वाजवायला लावणारे जगदीशचंद्र बसू



३० नोव्हेंबर हा थोर शास्त्रज्ञ सर जगदीशचंद्र बसू यांचा जन्मदिवस. त्यांना कोणी बसू म्हणतात, कोणी बोस म्हणतात, आडनाव एकच. त्यांचे नाव घेतले की तुम्ही लगेच लाजाळूच्या झाडाची आठवण काढता. झाडांनाही संवेदना असतात हे त्यांनी दाखवून दिले, एवढे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. मी मात्र आज त्यांचे दुसरेच एक काम सांगणार आहे. हिरवे पान साखर कशी तयार करते, हा प्रश्न त्यांनी तळ्यात वाढणाऱ्या एका साध्या वनस्पतीला विचारला आणि तिच्याकडूनच उत्तर लिहून घेतले. ऊस लावणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या आपल्या गावातल्या मुलांना ही हकीकत ठाऊक असायलाच हवी, म्हणून ती या भित्तिपत्रिकेसाठी निवडली आहे. जरा लांब आहे, पण उभ्या उभ्या दोन मधल्या सुट्ट्यांत वाचून होईल.

जगदीशचंद्रांचा जन्म १८५८ साली मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी एवढा मोठा अधिकारी आपल्या मुलाला इंग्रजी शाळेत घालत असे. ती मोठेपणाची खूण होती. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला साध्या बंगाली शाळेत पाठवले. मुलाला आधी आपली भाषा आली पाहिजे, आपली माणसे कळली पाहिजेत, इंग्रजी काय, मागाहूनही शिकता येईल, असे त्यांचे मत होते.

त्या शाळेत जगदीशच्या उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या हाताला एका कोळ्याचा मुलगा बसे. पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, पाण्यात राहणाऱ्या जीवांच्या गोष्टी ही मुले सांगत आणि साहेबांचा हा मुलगा तोंडात बोट घालून ऐकत राही. शाळा सुटल्यावर मित्र घरी आले, तर जगदीशची आई सगळ्यांना सारखेच खाऊपिऊ घाली. ती जुन्या वळणाची बाई होती, पण मुलांच्या पंगतीत तिने भेद केला नाही. निसर्गाची गोडी आपल्याला याच मित्रांमुळे लागली, असे जगदीशचंद्र पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही सांगत असत.

हे वाचले की मला आपला वर्ग डोळ्यांपुढे येतो. दिवाळी झाली की आपल्या वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर टोळीत ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने कोपीवर राहतात आणि उन्हाळ्यात परत येतात. आल्यावर ती मागे मागे बसतात, आपला अभ्यास बुडाला म्हणून गप्प राहतात. पण उसाविषयी ती जे सांगतात ते पुस्तकात सापडायचे नाही. ऊस बुडख्याकडे जास्त गोड आणि शेंड्याकडे पाणचट, हे त्यांची जीभ सांगते. वाढे बैलाला घालावे, कांडे आपण खावे, हे त्यांना तिसरीतच कळते. जगदीशच्या डाव्या हाताला बसलेल्या कोळ्याच्या मुलाला जो मान होता, तोच या मुलांना आपल्या वर्गात मिळायला हवा. बरं का, बुडखा गोड आणि शेंडा पाणचट असे का, हे कोडे लक्षात ठेवा. त्याचे उत्तर पुढे येणार आहे.

पुढे जगदीश कलकत्त्याला शिकायला गेला. तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ नावाचे शिक्षक होते. ते प्रयोग करून दाखवत, नुसते फळ्यावर लिहून थांबत नसत. त्यांच्यामुळे जगदीशला पदार्थविज्ञानाची ओढ लागली. १८८० साली तो डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेला. पण अंगात मुरलेला ताप काही हटेना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सहन होईना. शेवटी वैद्यक सोडून तो केंब्रिजला विज्ञान शिकू लागला. तिथे पदार्थविज्ञानाला लॉर्ड रॅले होते, तर वनस्पतिशास्त्राला फ्रान्सिस डार्विन. हे फ्रान्सिस म्हणजे सुप्रसिद्ध चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. पदार्थविज्ञान आणि वनस्पती या दोन्ही विषयांची शिदोरी घेऊन जगदीशचंद्र परतले, आणि पुढे त्यांनी या दोहोंची गाठ बांधली.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे एक विचित्र नियम होता. काम तेच, पण हिंदी माणसाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांशच पगार. त्यातही नेमणूक हंगामी, म्हणून तोही अर्धा. जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही, नोकरीही सोडली नाही. रोज वेळेवर जाऊन उत्तम शिकवायचे आणि तो अपुरा पगार मात्र हातात घ्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. एक महिना नव्हे, तब्बल तीन वर्षे! घरात सुबत्ता होती असे समजू नका. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी उद्योग काढले होते, ते बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होते. याच काळात, १८८७ साली, अबला यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांनीही पतीची साथ सोडली नाही. या अबलाबाईंनी पुढे मुलींच्या शिक्षणासाठी फार मोठे काम केले. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. पूर्ण पगार मागच्या बाकीसह मिळाला आणि त्यातून वडिलांचे कर्ज फेडण्यात आले.

प्रयोगशाळा म्हणाल तर कॉलेजात न्हाणीघराशेजारची एक लहानशी जागा. उपकरणे विलायतेहून मागवायला पैसा नव्हता. म्हणून जगदीशचंद्रांनी एका पत्रे ठोकणाऱ्या कारागिराला हाताशी धरले, त्याला शिकवले आणि त्याच्याकडून उपकरणे बनवून घेतली. असल्या सामानावर त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेशिवाय, भिंतींपलीकडे घंटा वाजवून दाखवली. रेडिओच्या इतिहासात त्यांचे नाव आहे ते यामुळे.

त्यानंतर ते वनस्पतींकडे वळले. झाडाला चटका बसला, टोचले, विषारी औषध दिले, तर त्याच्या अंगात काय बदल होतो हे त्यांनी मोजायला सुरुवात केली. १९०१ साली लंडनमध्ये त्यांनी हे प्रयोग मांडले, तेव्हा तिथल्या बड्या शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. पदार्थविज्ञानाच्या माणसाने वनस्पतींच्या वावरात शिरू नये, असा त्यांचा रोख होता. जगदीशचंद्र चिडले नाहीत. मी मोजून दाखवतो, मग बोला, अशी त्यांची रीत होती. त्यांनी क्रेस्कोग्राफ नावाचे उपकरण बनवले. झाडाची वाढ इतकी सावकाश होते की ती डोळ्यांना दिसत नाही. या उपकरणाने ती हजारो पटींनी मोठी करून काचेवर उमटवली. १९२० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. साखर तयार कोण करते? सांगा पाहू! कोणी म्हणेल, साखर कारखाना. नाही, मुलांनो. कारखाना उसातली साखर फक्त बाहेर काढतो. रस गाळतो, आटवतो, दाणे पाडतो. साखर तयार होते ती उसाच्या हिरव्या पात्यात.

पानाला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवा आत जाते. हवेत कर्बवायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो, दहा हजार भागांत सुमारे चार भाग. मुळे पाणी वर पाठवतात. पानात हरितद्रव्य असते, ते सूर्याचा प्रकाश पकडते. या प्रकाशाच्या जोरावर पान पाणी फोडते, त्यातला प्राणवायू बाहेर सोडते आणि उरलेला हायड्रोजन कर्बवायूशी जुळवून साखर बनवते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हिशेब अगदी चोख आहे. कर्बवायूचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू यांच्यापासून ग्लुकोज साखरेचा एक रेणू बनतो आणि प्राणवायूचे सहा रेणू बाहेर पडतात. झाड माती खाऊन गोड होते, असे जुन्या लोकांना वाटे. खरे पाहता, खाल्लेल्या उसाची गोडी ही हवा, पाणी आणि ऊन यांची गोडी आहे. मातीतून झाडाला क्षार मिळतात, तेही हवेतच. पण साखरेचा कच्चा माल ते नव्हेत.

पानात झालेली साखर शिरांवाटे खाली कांड्यात उतरते. आता मघाचे कोडे सोडवू. शेंड्याकडची कांडी कोवळी असतात. आलेली साखर ती वाढण्यासाठीच खर्च करून टाकतात. बुडख्याकडच्या कांड्यांची वाढ संपलेली असते, म्हणून तिथे साखर साठून राहते. कोपीवरच्या मुलांची जीभ खरे बोलत होती!

पानात साखर होते हे जगदीशचंद्रांच्या आधीच कळले होते. १७७९ साली यान इंगेनहाउझ नावाच्या डॉक्टरांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात, हे दाखवले होते. पण पान किती साखर बनवते, केव्हा जास्त, केव्हा कमी, हे क्षणाक्षणाला मोजायचे कसे? माणूस बुडबुडे मोजायला बसला तर कंटाळतो, चुकतो. शिवाय एक बुडबुडा मोठा, एक लहान.

जगदीशचंद्रांनी यासाठी हायड्रिला ही पाणवनस्पती निवडली. बंगालच्या तळ्यांत ती खच्चून वाढते आणि आपल्याकडेही तळ्यांत, कालव्यांत सापडते. शेवाळासारखी दिसते, पण शेवाळ नव्हे. तिला खोड असते, पाने असतात. एका काचेच्या बाटलीत काठोकाठ तळ्याचे पाणी भरून त्यांनी तिच्यात हायड्रिला ठेवली. प्राणवायू जायला एकच वाकडी नळी ठेवली आणि तिच्या टोकाशी पाऱ्याचा एक थेंब ठेवला. हा थेंब म्हणजे दार. ऊन पडले की वनस्पती साखर बनवू लागते, प्राणवायू साठतो, पाऱ्याच्या थेंबाला उचलतो आणि ठरावीक मापाचा एक बुडबुडा बाहेर पडतो. लगेच दार बंद. पारा हलला की विजेचे मंडल पूर्ण होते. मग घंटा वाजते, किंवा फिरत्या कागदावर एक टिंब उमटते.

काय झाले पाहा! घंटा वाजली की एका मापाचा प्राणवायू बाहेर पडला. आणि प्राणवायूचा व साखरेचा हिशेब पक्का असल्यामुळे तेवढ्या मापाची साखर तयार झाली. म्हणजे प्रत्येक घंटेबरोबर ती वनस्पती आपली कमाई स्वतः सांगू लागली. ऊन वाढले की घंटा भरभर वाजे, सावली आली की रेंगाळे. दिवसभराची हजेरी कागदावर टिंबाटिंबांनी लिहिली जाई. ज्यांनी कधी काळी भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली होती, त्यांनीच आता तळ्यातल्या वेलीला घंटा वाजवायला लावली. १९२४ साली या सगळ्या प्रयोगांवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. प्रकाशसंश्लेषणाचे शरीरक्रियाविज्ञान असा त्याच्या नावाचा अर्थ होतो.

या प्रयोगांत त्यांना एक नवलाची गोष्ट आढळली. हिवाळ्यात आणलेली हायड्रिला आणि उन्हाळ्यात आणलेली हायड्रिला सारखी वागत नव्हती. उन्हाळ्यात पाणी तापते, त्यात विरघळलेला कर्बवायू कमी होतो. मग उन्हाळी वनस्पतीचे काम मंदावायला हवे होते. पण ती ऊन आणि कर्बवायू यांचा जास्तच चांगला उपयोग करून घेत होती! तिचा रस तपासला, तर तो आंबट निघाला. त्यात मॅलिक आम्ल होते. तुम्ही हरभऱ्याच्या शेतातून सकाळी चालला की पायांना जी आंब लागते, तिच्यातही हेच आम्ल असते. जगदीशचंद्रांनी पुढे आणखी पडताळून पाहिले. बाहेरून कर्बवायू मिळाला नाही तरी हे आम्ल वापरून ती वनस्पती काम चालू ठेवते, असे त्यांना दिसून आले. त्यांनी हे सारे लिहून ठेवले. तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

आता ऐका, पुढे काय झाले ते. जगदीशचंद्रांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी हवाई बेटांवरचे आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ उसाचा अभ्यास करत होते. कर्बवायू पानात शिरल्यावर आधी कोणत्या पदार्थात जातो, हे ते शोधत होते. इतर झाडांत जो पदार्थ आधी मिळे, तो उसात आधी मिळेना. उसात कर्बवायू आधी मॅलिक आम्लासारख्या आंबट पदार्थात जात होता आणि मग साखरेत. १९६६ साली हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात हा मार्ग नीट उलगडून दाखवला.

हा मार्ग कशासाठी? कडक उन्हात पाणी वाचवायला पान आपली रंध्रे आवळून घेते. मग आत कर्बवायू कमी पडतो आणि साध्या पानाचे काम फुकट जाऊ लागते. ऊस काय करतो, तर मिळेल तेवढा कर्बवायू आधी बाहेरच्या पेशींत आम्लाच्या रूपाने धरतो, शिरेभोवतीच्या आतल्या पेशींत नेतो आणि तिथे मोकळा करतो. उन्हाळ्यात आपली आई लांबून घागरीने पाणी आणून घरातल्या रांजणात साठवते ना, तसेच हे. विहिरीला पाणी थोडे असले तरी रांजण भरलेला राहतो. ज्वारी, बाजरी आणि मका हीसुद्धा अशीच रांजणवाली पिके आहेत. म्हणून तर ती आपल्या उन्हात तग धरतात. गहू, भात आणि हरभरा यांची रीत साधी आहे.

आणि हायड्रिला? तिची पाने अवघ्या दोन थरांची. तिच्यात बाहेरच्या नि आतल्या अशा दोन तऱ्हेच्या पेशी नाहीत. तरीही उन्हाळ्यात कर्बवायू कमी पडला की ती याच आंबट मार्गाने जाऊ लागते, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. म्हणजे हॅच आणि स्लॅक यांच्या चाळीस-बेचाळीस वर्षे आधी कलकत्त्याच्या एका बाटलीत त्याची चाहूल लागली होती. ती पूर्ण उकल नव्हती, हे खरे. तेवढी साधने तेव्हा नव्हतीच. पण जे दिसले ते प्रामाणिकपणे मोजून लिहून ठेवले, म्हणून नंतरच्यांना ते सापडले. तळ्यातली फालतू वेल म्हणून ती बाटली कोणी फेकून दिली असती, तर?

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात आपली संशोधन संस्था सुरू केली. तिला ते मंदिर म्हणत. आपल्या देशातल्या तरुणांना संशोधनासाठी न्हाणीघराशेजारची जागा शोधावी लागू नये, ही त्यामागची तळमळ होती. बोस इन्स्टिट्यूट या नावाने ती आजही चालू आहे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. आठवडाभराने त्यांना एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली असती.

मुलांनो, जगदीशचंद्रांकडून घ्यायचे ते काय? माझ्या मते दोन गोष्टी. आपली मजुरी दुसऱ्यापेक्षा कमी लेखली गेली, तर काम न सोडता ताठ उभे राहता येते, ही एक. आणि दुसरी, शेजारी बसलेल्याला जे ठाऊक आहे ते कान देऊन ऐकावे, ही. टोळीतली मुले उन्हाळ्यात परत येतील तेव्हा हा कागद भिंतीवरून निघालेला असेल. म्हणून मी त्याची एक प्रत वर्गाच्या कपाटात ठेवणार आहे. ती त्यांना वाचायला द्या आणि त्यांच्याकडून उसाची माहिती लिहून घ्या. जूनच्या अंकाचे पहिले पान त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

करून पाहा

मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तळ्याच्या किंवा कालव्याच्या काठावरून हायड्रिलाची ताजी फांदी आणा. एकटे पाण्यात उतरू नका. काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. त्यामुळे वनस्पतीला कर्बवायूचा पुरवठा होतो. फांदीचा कापलेला देठ वर आणि शेंडा खाली असा पाण्यात पूर्ण बुडवा. बाटली उन्हात ठेवा आणि थोडा वेळ थांबा. देठातून बुडबुडे येऊ लागले की एका मिनिटात किती आले ते मोजा. मग बाटली सावलीत ठेवून पुन्हा मोजा. शेवटी पोत्याने झाकून पाच मिनिटांनी पाहा. तिन्ही आकडे वहीत लिहा आणि मला आणून दाखवा. आपल्याकडे पाऱ्याचे दार नाही, पण मोजायला डोळे आहेत आणि घंटा वाजवायला शाळेची घंटा आहे!